गुलाबी गुण्या

किल्लीचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं आणि ते तिथंच राहिलं. घरात, गल्लीत आणि पुढं कॉलेजातही तिला सगळे किल्लीच म्हणायचे. चालायला लागल्यापासून दिसेल ती वस्तू उघडून बघायची तिला खोड. दाराची कडी, डब्याचं झाकण, टॉर्च, आणि एकदा तर पाहुण्यांची बॅग. आई घरी शिवणकाम करायची. तिचं मशीन अडकलं की कारागिराला निरोप जायचा आणि तो उगवेपर्यंत सगळं घर तोंड पाडून बसायचं. असंच एकदा कारागीर पोचला तर मशीन खडखडा चालू होतं, आणि कोपरापर्यंत तेल माखलेली किल्ली शेजारी उभी होती. कारागीर पाणी प्यायला, ‘ही पोरगी माझ्या पोटावर पाय देणार’ म्हणाला आणि आला तसा परत गेला.

मशीन चालू झाल्याचा आनंद आईला झाला. आत्याला मात्र तिचा फ्रॉक दिसला. फ्रॉक गुलाबी होता, आत्यानंच आणलेल्या कापडाचा, आणि त्यावर पोटापाशी काळा ओघळ.

आत्या दोन घरं सोडून राहायची. भाचीवर तिचा जीव होता आणि त्या जिवाचा रंग एकच, गुलाबी. दप्तर गुलाबी, रिबिनी गुलाबी, कंपासपेटी गुलाबी. ‘मुलीच्या जातीला हाच रंग खुलून दिसतो,’ असं ती छातीठोकपणे सांगायची. आता खरं सांगायचं तर किल्लीचं गुलाबी रंगाशी काही वाकडं नव्हतं. तिला राग यायचा तो त्या रंगामागून येणाऱ्या वाक्याचा. गुलाबी वस्तू हातात पडली रे पडली की आत्या म्हणणार, ‘जपून हं, मळवू नकोस.’ तिच्या चुलतभावाला निळी पँट मिळायची आणि तो ती घालून गटारात उतरला तरी कोणी चकार शब्द काढत नसे. किल्लीनं हा हिशेब फार लहानपणी मांडला होता. रंग कुठलाही असेना का, पण तिच्या रंगाबरोबर हात बांधून येतात आणि भावाच्या रंगाबरोबर मोकळे सुटतात, हे तिला कळून चुकलं होतं.

बारावी झाल्यावर तिनं कॉलेजच्या यंत्र विभागात नाव घातलं. आत्यानं आकाशपाताळ एक केलं. ‘अगं, तिथं एक मुलगी नाही! लोखंड कापत बसणार का तू? मुलींनी ड्रॉइंगची शाखा घ्यावी. पंख्याखाली बसायचं, कागदावर रेघा ओढायच्या, हात पांढरेस्वच्छ.’

‘मला कागदावरचं लोखंड नकोय, आत्या. मला खरं हवंय,’ किल्ली म्हणाली.

आत्यानं भावाकडं बघितलं. किल्लीचे वडील बस चालवायचे. दिवसभर हॉर्न ऐकून आलेला माणूस, घरी फारसा बोलत नसे. ‘बसेल परीक्षेला. नाही जमलं तर बघू,’ एवढंच ते म्हणाले. त्यातलं ‘नाही जमलं तर’ किल्लीच्या कानात जे रुतलं ते रुतलंच.

यंत्र विभागाचे प्रमुख मनानं चांगले होते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढं त्यांचा राग येणार आहे. त्या वर्षी त्यांच्या विभागात पहिल्यांदाच मुली आल्या, त्याही एकदम तिघी. प्रमुखांना काय करू नि काय नको असं झालं. मुलींना परकं वाटू नये म्हणून त्यांनी कार्यशाळेत खिडकीजवळचा एक बाक वेगळा काढला आणि भिंती रंगवायला आलेल्या रंगाऱ्याला सांगितलं, ‘हे सगळं गुलाबी करून टाक.’ रंगारी पडला सांगकाम्या. त्याला थांब म्हणणारं कोणी नव्हतं, म्हणून तो थांबला नाही. बाक गुलाबी झाला, लोखंड आवळून धरायचा व्हाइस गुलाबी झाला, हत्यारांचा डबा, हातोडीचा दांडा, लोखंड घासायच्या कानशींच्या मुठी, गुण्याचा जाड दांडा, सगळ्यांवर दोन-दोन हात चढले. वर पाटी लागली: ‘गुलाबी हत्यारे गुलाबी बाकावरच ठेवावीत.’ यात प्रमुखांचा दुहेरी विचार होता. मुलींना आपलं वाटेल आणि मुलं त्यांची हत्यारं पळवणार नाहीत. दुसरा विचार तर शंभर टक्के खरा ठरला. त्या हत्यारांना एकाही मुलानं कधी बोट लावलं नाही.

आत्याला हे कळलं तेव्हा ती इतकी खूश झाली की तिनं ड्रॉइंगचा विषयच सोडून दिला. ‘बघ, शिकलेल्या माणसांना कळतं,’ ती म्हणाली.

बाकावर तिघीजणी. एक किल्ली. दुसरी डावखुरी, तिला सगळे डावरी म्हणत. बोलायला फटकळ आणि हाताला पक्की. तिसरी राणी. हिची ओढणी राणी रंगाची, चप्पल राणी रंगाची, पेनाचं टोपणसुद्धा त्याच रंगाचं, म्हणून ती राणी. पहिल्या दिवशी बाक बघून किल्लीचं तोंड कडू झालं आणि राणी टाळ्या वाजवायची तेवढी राहिली.

‘तुला हे आवडतं?’ किल्लीनं विचारलं.

‘आवडतं म्हणजे काय, मला विचारून रंगवलंय असं वाटतंय. तुझं काय बिघडलं?’

किल्लीला नीट सांगता येईना. ती म्हणाली, ‘जाऊ दे,’ आणि कानस उचलली.

कार्यशाळेत शिकवणारे निदेशक सर म्हणजे बारीक, ताठ, चष्म्यातून लोखंडाच्याही आत बघणारे गृहस्थ. मुलं त्यांना मागून उजेडसर म्हणायची. त्याला कारण होतं. विद्यार्थ्यानं ठोकळा घासून आणला की ते स्वतःच्या खिशातला छोटा गुण्या काढायचे. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार. जाड दांडा आणि त्याला काटकोनात बसवलेलं पोलादी पातं. तो ठोकळ्याच्या कोपऱ्याला लावायचा आणि दोन्ही मिळून खिडकीकडे धरायचे. ठोकळा सरळ असला तर मध्ये अंधार. जरा जरी चुकला तर पात्याखालून उजेडाची रेघ. मग सर म्हणायचे, ‘बघ, काय उजेड पाडलायस!’ आणि ठोकळा परत.

मुलींच्या बाकावरून गेलेला प्रत्येक ठोकळा उजेड पाडून परत येत होता.

मुलांचेही यायचे, नाही असं नाही. पण मुलांचे हळूहळू सुधारत गेले. मुलींची सहामाही चाचणी झाली, तिघी नापास. पुढची झाली, परत तिघी नापास. काम तसं किचकटच होतं. एक चौकोनी ठोकळा घासायचा आणि एका जाड पत्र्याला बरोब्बर त्याच मापाची खाच पाडायची. एक दुसऱ्यात हातानं सरकून बसला पाहिजे आणि कुठल्याही बाजूनं उजेड दिसता कामा नये. या जोडीला कार्यशाळेत सगळे पिढ्यान्‌पिढ्या नर-मादी म्हणत. त्या वर्षी पहिल्यांदाच हा शब्द उच्चारताना उजेडसर खोकले.

मुलांच्या बाकांवरून टोमणे यायला वेळ लागला नाही. ‘गुलाबी उजेड’ असा शब्दच निघाला. डावरी एकदा हातोडी घेऊन उठली होती, राणीनं तिला खाली बसवलं.

मग एके दिवशी प्रमुखांनी तिघींना खोलीत बोलावलं. आवाज अगदी मऊ. ‘हे बघा मुलींनो, यात कमीपणा काही नाही. प्रत्येकाचा हात वेगळा असतो. वार्षिक परीक्षेतही हेच झालं तर आपण तुम्हाला ड्रॉइंगच्या शाखेत बदलून घेऊ. मी बोलून ठेवलंय तिकडं. बसून करायचं काम आहे, स्वच्छ आहे. आणि पुढच्या वर्षापासून मुलींना थेट तिकडंच प्रवेश द्यायचा असं आमचं ठरतंय. तुमचे हाल बघवत नाहीत.’

बाहेर आल्यावर राणीच्या डोळ्यांत पाणी होतं. डावरी शिव्या मोजत होती. किल्लीला मात्र आत्याचा आवाज ऐकू येत होता, पंख्याखाली बसायचं, हात पांढरेस्वच्छ, आणि त्यामागं वडिलांचं ते ‘नाही जमलं तर’. म्हणजे सगळ्यांनी आधीपासून तिची खुर्ची तिकडं मांडून ठेवली होती. तिला संताप आला. तिला या कार्यशाळेतून जायचं नव्हतं. तेलाचा तो वास, कानशीखाली लोखंड मऊ होत जातं तो क्षण, तिथला आवाज, हे तिला हवं होतं, आणि ते कोणी गोड बोलून काढून घेतंय हे तिला सहन होईना.

त्या दिवशी ती घरी गेली नाही, परत बाकाकडं गेली. तिघींचे नापास ठोकळे डब्यात पडून होते. तिनं ते काढले आणि मुलांच्या बाकावरचा एक साधा गुण्या उचलून एकेक ठोकळा खिडकीकडे धरला. तिचा स्वतःचा ठोकळा डावीकडे कलला होता. राणीचाही डावीकडे. मग डावरीचा धरला, आणि किल्लीचा हात थांबला. तोही डावीकडेच.

‘डावरे, इकडं ये.’

‘आता काय बघायचंय? दुःख?’

‘तू डाव्या हातानं घासतेस.’

‘जन्मल्यापासून.’

‘मग तुझी चूक आमच्या उलट्या बाजूला पडायला हवी ना? तिघींचे हात तीन तऱ्हेचे, आणि चुकतो मात्र आपण एकाच बाजूला, आणि तेवढंच. असं कसं होईल?’

डावरी खाली वाकली. राणीही आली. तिघींनी परत परत बघितलं. मग तिघींची नजर एकदमच डब्यातल्या गुलाबी गुण्याकडे गेली. वर्षभर तिघी तो एकच गुण्या वापरत होत्या. कार्यशाळेत पाय ठेवला त्या दिवसापासून तो गुलाबीच होता, त्यामुळं आपला गुण्या असाच असायचा, असंच त्या धरून चालल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ली उजेडसरांपुढं जाऊन उभी राहिली. ‘सर, आमचा गुण्या चुकतोय.’

मागच्या बाकांवर खसखस पिकली. सरांनी चष्मा वर केला. ‘नाचता येईना, अंगण वाकडं. हे मी माझ्या नोकरीत किती जणांकडून ऐकलंय माहितीये?’

‘असेल सर. पण अंगण एकदा मोजून तर बघू.’

आता यात उद्धटपणा होता की नाही यावर मतभेद आहेत. मुलं म्हणतात होता. किल्ली म्हणते तिचा आवाज थरथरत होता. सर एवढंच म्हणाले, ‘आण.’

राणीनं गुण्या आणून पुढं केला. आणि इथं एक गंमत झाली, म्हणजे झाली तेव्हा कोणी हसलं नाही. सरांचा हात पुढं आला आणि अर्ध्यावर थांबला. वर्षभरात त्यांनी तो गुण्या एकदाही हातात घेतला नव्हता. मुलींना काही करून दाखवायचं झालं की ते मुलांच्या बाकावरचं हत्यार आणायचे. त्यांनी याचा कधी विचार केला नव्हता, आणि आता सगळ्या वर्गासमोर तो गुलाबी दांडा हातात धरताना त्यांना लाज वाटली, हे किल्लीला स्पष्ट दिसलं. कानसुद्धा लाल झाले त्यांचे.

‘तूच कर,’ ते म्हणाले.

किल्लीनं एका पत्र्याला खुणांचा निळा रंग फासला, म्हणजे त्यावर ओरखडलेली रेघ चमकून दिसते. पत्र्याच्या सरळ कडेला गुण्या टेकवला आणि सुईनं एक रेघ ओढली. मग गुण्या उलटा केला, त्याच बिंदूपाशी आणला आणि दुसरी रेघ ओढली. गुण्या खरा असता तर दुसरी रेघ पहिलीवर जाऊन बसली असती. दोन्ही रेघा खाली एका जागी निघाल्या आणि वर जाता जाता फाकल्या. केसभरच, पण निळ्यावर चकचकीत दिसत होत्या. मागच्या बाकावरची खसखस थांबली.

सरांनी पत्रा खिडकीजवळ नेला. बराच वेळ बघितला. मग गुलाबी गुण्या हातात घेतला, डोळ्याजवळ धरला आणि दांड्याच्या आतल्या कडेवरून नख फिरवलं. ही कड म्हणजे गुण्याचा प्राण. हीच कामाला टेकते. तिच्यावर कोणी रंग लावत नाही, हे नवशिक्यालाही सांगावं लागत नाही, कारण असं करण्याचं कोणाच्या डोक्यातच येत नाही. तिथं रंगाचे दोन थर होते आणि टोकाशी ओघळ सुकून जाड झाला होता.

‘अरे देवा,’ सर म्हणाले. मग, ‘वर्षभर?’

‘वर्षभर,’ डावरी म्हणाली. आणि तिला राहवलं नाही म्हणून, ‘काय उजेड पडला ना सर?’

सर तिला रागावले नाहीत. त्यांनी खुर्चीवरचा कोट उचलला आणि ते थेट प्रमुखांकडं गेले. इतकी वर्षं ज्या माणसानं दुसऱ्याच्या चुकीवर उजेड पाडला, तो त्या दिवशी आपली चूक सांगायला स्वतःच्या पायानं गेला, एवढं श्रेय त्यांना द्यायला हवं.

इकडं किल्लीनं ब्लेड घेतलं आणि डबा, मुठी, दांडे, जे हाताला लागेल त्यावरचा रंग खरवडायला सुरुवात केली. राणीनं तिचं मनगट धरलं.

‘डब्याला हात लावशील तर बघ. तो माझा आहे.’

‘याच रंगानं आपलं वर्ष खाल्लं, राणी!’

‘रंगानं नाही खाल्लं. जिथं लावायचा नाही तिथं लावला त्या गाढवपणानं खाल्लं. आणि वर्षभर आपलं हत्यार कोणी हातात धरलं नाही, त्यानं खाल्लं. मला गुलाबी आवडतो आणि मला लोखंडही कापता येतं. आत्याशी भांडायचं असेल तर घरी जाऊन भांड.’

किल्लीला ते लागलं, कारण खरं होतं. राणीनं तिच्या हातातलं ब्लेड घेतलं, गुण्याची आतली कड तेवढी काळजीपूर्वक साफ केली, पोलाद चकचकीत होईपर्यंत, आणि बाकीचा दांडा होता तसा गुलाबी ठेवला. परत दोन रेघा ओढून बघितल्या. एकावर एक बसल्या.

दुपारी प्रमुख स्वतः कार्यशाळेत आले. चेहरा पार उतरलेला. ‘मुलींनो, मी केलं ते चांगल्यासाठीच केलं होतं गं,’ ते म्हणाले, आणि ते खरंच होतं. ‘झालं गेलं गंगेला मिळालं. आता मी काय करतो, वार्षिकात तुम्हा तिघींना सरळ पास करून टाकतो. तुमचं नुकसान आम्ही केलं, आम्हीच भरून देऊ.’

राणीचा जीव भांड्यात पडला. डावरीच्या तोंडावर हसू आलं. आणि किल्ली म्हणाली, ‘नको सर.’

‘नको म्हणजे?’

‘असं पास केलं तर उद्या सगळे म्हणतील, गुलाबी पास. आम्हाला परीक्षा द्या. मुलांना देता तीच, त्याच बाकांवर, चिठ्ठी टाकून. जो बाक येईल तो.’

प्रमुख विचार करतो म्हणून गेले. ते दाराबाहेर पडले नाहीत तोच डावरीनं तोंड सोडलं. ‘तू कोण गं आमच्या वतीनं नको म्हणणारी? मी नापास झाले की घरी माझं शिक्षण बंद, माहितीये तुला? हातातोंडाशी आलेलं घालवलंस!’

किल्लीला तेव्हा कुठं कळलं की तिनं दोघींना विचारलंच नव्हतं. प्रमुखांनी न विचारता बाक रंगवला, आणि तिनं न विचारता दोघींचं उत्तर दिलं. तिनं कान धरले. ‘चुकलं. खरंच चुकलं. मी आत्ता जाऊन सांगते, माझ्यापुरतंच नको म्हणून.’

ती निघाली. डावरीनं तिला दारापर्यंत जाऊ दिलं आणि हाक मारली, ‘थांब. फुकटचं मलाही नकोच आहे. पण पुढच्या वेळी आधी विचारायचं.’ राणीनं आपल्या ओढणीला नाक पुसलं आणि म्हणाली, ‘मी माझाच गुण्या घेणार. चिठ्ठीत बाक कुठलाही येऊ दे.’

प्रमुखांनी अखेर ऐकलं आणि वार्षिक परीक्षेच्या दिवशी चिठ्ठ्या पडल्या. डावरीला मधला बाक आला, राणीला दाराजवळचा. किल्लीला अगदी शेवटचा, जिथून वर्षभर टोमणे यायचे. आता सगळी कार्यशाळा तिघींकडं बघत होती. कुणाकुणाच्या मनात त्यांनी पडावं असं होतं, कुणाच्या मनात त्यांनी पास व्हावं असं होतं, पण बघत मात्र सगळे होते.

किल्लीनं सुरुवात झकास केली. ठोकळा सुरेख झाला. हातात साधा, काळा, खरा गुण्या होता आणि कानस लोण्यातून चालावी तशी चालत होती. खाचही जवळजवळ झाली. ठोकळा खाचेच्या तोंडाशी येऊन किंचित अडत होता. इथं थांबायचं, बघायचं, कुठं अडतंय तिथं खडू लावायचा, आणि हलकेच एखादा हात मारायचा, हे तिला पाठ होतं. पण पलीकडे दाराजवळ राणीनं व्हाइस सोडला, झालं म्हणून हात वर केला, आणि किल्लीच्या डोक्यात एकच गोष्ट शिरली. सगळ्यांना दाखवून द्यायचं. आता, लगेच. तिनं कानस लावली आणि न बघता दाबून हात मारले.

ठोकळा खाचेत बसला. जरा जास्तच सहज बसला. लोखंड जास्त राहिलं तर काढता येतं. काढलेलं परत चिकटवता येत नाही.

उजेडसरांनी एकेक जोडी खिडकीकडे धरली. डावरीची धरली, मान हलवली. राणीची धरली, तिचा गुलाबी गुण्याही मागून घेतला, त्यानंच तपासलं, आणि या खेपेला त्यांचा हात कुठं अडला नाही. दोघी पास. मुलांपैकी काही पास, काही नापास. मग किल्लीची जोडी धरली आणि एका बाजूनं उजेडाची लख्ख रेघ आली.

‘आता हे कोणाचं?’ सरांनी हळू विचारलं. ‘अंगणाचं?’

‘नाही सर. माझं.’

‘कुठं झालं ते कळतंय?’

‘शेवटी. न बघता घासलं.’

सरांनी जोडी बाकावर ठेवली. प्रमुख मागंच उभे होते. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. ते जवळ आले आणि मऊ आवाजात म्हणाले, ‘अगं, मनाला लावून घेऊ नकोस. दोघी पास झाल्या, विभागाचं नाव राहिलं. आता पुढच्या वर्षापासून मुलींचे प्रवेशही चालूच ठेवू. राहता राहिली तू. मी त्या दिवशी देत होतो ते अजून देतो, घे. आणि ते नको असेल तर ड्रॉइंगच्या शाखेत जागा आहेच, तुझ्या एकटीपुरती करू तिकडं सोय. तुझी बुद्धी चांगली आहे.’

सगळे ऐकत होते. घरी आत्या वाट बघत होती, वडीलही. डावरी आणि राणी पास होऊन उभ्या होत्या आणि हिच्याकडं बघवत नव्हतं त्यांना. किल्लीचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायला तिच्याजवळ काही नव्हतं. हात तेलानं काळे, डोळे पुसायचे कशानं? तिनं तसेच पुसले आणि गालावर काळं लागलं.

‘सर, एक विचारू? आज मुलांमध्ये नापास किती?’

प्रमुखांनी उजेडसरांकडं बघितलं. ‘पाच जण,’ सर म्हणाले.

‘त्यांना कुठं पाठवणार?’

‘पाठवणार म्हणजे?’ प्रमुख गोंधळले. ‘कुठं पाठवायचं? इथंच. सुट्टीत परत करतील, परत परीक्षा देतील. नापास काय, होतातच पोरं.’

‘मग मीही इथंच नापास झालेय, सर,’ किल्ली म्हणाली. ‘मीही परत करीन.’

प्रमुखांनी तोंड उघडलं. बोलायला काहीतरी होतं त्यांच्याकडं, कारण चांगल्या माणसाकडं ते नेहमी असतं. पण ते त्या पाच जणांकडं बघत राहिले. पाचही जण मान खाली घालून उभे होते आणि त्यांना ड्रॉइंगच्या शाखेची वाट दाखवायचं आजवर कोणाला सुचलं नव्हतं. प्रमुख बाजूला झाले.

उजेडसर फडताळाकडं गेले. त्यांनी कोरे, गंज चढलेले लोखंडी ठोकळे काढले आणि नापास झालेल्यांच्या रांगेत एकेकाच्या हातात द्यायला लागले. रांगेच्या शेवटी किल्ली जाऊन उभी राहिली. सरांनी तिच्याही हातात एक ठेवला.

‘सोमवारी सकाळी,’ ते म्हणाले. ‘उशीर झालेला चालणार नाही. कोणाचाच.’